लातूरचा दोन वर्षांचा सीईटी कोर्स: बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपल्यावर

आमचं गाव औसा तालुक्यात. दहावीपर्यंत शिक्षण गावातच, मराठीतून. २०२२ साली दादांनी मला लातूरच्या ट्यूशन एरियात अकरावी-बारावी अधिक सीईटी (इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची राज्याची परीक्षा) अशा एकत्र कोर्सला घातलं. दोन वर्षांची फी १ लाख ४० हजार, खोली आणि मेस वेगळी. सोयाबीनचे पैसे कमी पडले, तेव्हा मामांकडून उसने आणले. क्लासचं नाव लिहीत नाही, शिकवणाऱ्या सरांबद्दल माझ्या मनात आदर आहे. आता मी नांदेडला बी.एस्सी. करतेय, विषय फिजिक्स आणि मॅथ्स. पहिलं वर्ष संपलं, म्हणून आता लिहिते.

आधी चांगलं सांगते. फिजिक्सच्या सरांनी रोटेशनल मोशन इतकं पक्कं करून घेतलं की पहिल्या सेमिस्टरला मोमेंट ऑफ इनर्शिया आणि पॅरलल अॅक्सिस थिअरम नव्याने वाचायची वेळच आली नाही. इंटिग्रेशन हाताला बसलेलं होतं. डाउट घेऊन गेलं तर सर रात्री नऊपर्यंत बसायचे, कुणालाही परत पाठवलं नाही. अभ्यासक्रमापुरतं बोलायचं तर पहिल्या सेमिस्टरचा निम्मा भाग ओळखीचा निघाला.

पण ओळखीचा भागच मला सगळ्यात जड गेला.

लिमिटचं उदाहरण घ्या. क्लासमध्ये लिमिट म्हणजे किंमत टाका, शून्य भागिले शून्य आलं की लॉपितालचा नियम लावा. कॉलेजात सरांनी फळ्यावर लिहिलं: x २ कडे जाताना 3x+1 ची लिमिट ७ आहे, हे सिद्ध करा. मी दोन ओळींत ७ काढून वही पुढे केली. सर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे बाळ, पण सिद्ध कुठं केलंस?" एप्सिलॉन (उत्तर ७ पासून किती लांब चालेल ते) दिला तर डेल्टा (x २ पासून किती लांब ठेवायचा ते) एप्सिलॉन भागिले तीन घ्यायचा, एवढीच गोष्ट. तो तेवढाच का घ्यायचा हे कळायला मला चार दिवस लागले. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न तेवढ्याच वेळात. म्हणजे तिथे एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा नाही. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. दोन वर्षं मी हेच शिकले: पर्याय बघायचा, दोन खोडायचे, पुढे जायचं. कारण लिहून दाखवायची सवयच लागली नाही, आणि इंग्रजीतून सलग पानभर उत्तर लिहायची तर मुळीच नाही.

प्रॅक्टिकलचं मात्र मनाला लागलं. बोर्डात फिजिक्स आणि केमिस्ट्रीला प्रत्येकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात. आमचं अकरावी-बारावीचं कॉलेज क्लासशी जोडलेलं, बहुतेक नावापुरतं. दोन वर्षांत मी लॅबमध्ये पाच-सहा वेळा गेले असेन, तेही परीक्षेच्या तोंडावर. जर्नल आम्ही एकमेकींचं बघून उतरवलं. व्हर्नियरच्या (बारीक लांबी मोजायच्या दुहेरी पट्टीच्या) झिरो एररवर मी कितीतरी एमसीक्यू सोडवले होते. नांदेडच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी खरा व्हर्नियर हातात आला आणि मुख्य पट्टीच्या रेघेशी व्हर्नियरची नेमकी कोणती रेघ जुळतेय तेच मला दिसेना. शेजारची मुलगी किनवटकडच्या एका लहान कॉलेजातून आलेली, क्लास कधी लावला नव्हता. तिने शांतपणे दाखवलं. टायट्रेशनलाही, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून मोजायच्या प्रयोगालाही, तेच झालं. परमँगनेटचा शेवटचा थेंब फिकट गुलाबीवर थांबवायचा असतो, माझा फ्लास्क तीन वेळा गडद झाला.

पाचपैकी तीन स्टार देते. इंजिनिअरिंगची जागा मिळवायची असेल तर कोर्स आपलं काम करतो, माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना जागा मिळाल्या. पुढे विषयच शिकायचा असेल तर बोर्डाच्या पुस्तकातली सिद्धता रोज एक तरी न बघता लिहून काढा. क्लासमध्ये ती कुणी मागणार नाही.

धाकटा भाऊ यंदा दहावीत आहे. दादा त्याच्यासाठी लातूरला चौकशीला जातील तेव्हा मीही सोबत जाणार आहे. आधी लॅब उघडून दाखवा म्हणायचं, तीही वर्ग चालू असताना, आणि मग फीचं बोलायचं.