लाइव्ह डीजे मिक्स ऐकायचाय? बीबीसी, रिन्स, एनटीएस की लॉट रेडिओ

ॲपनं जुळवून दिलेल्या प्लेलिस्ट ऐकून कान विटले असतील, आठवड्याला दोन-तीन तास मोकळे असतील आणि पलीकडे कुणीतरी माणूस गाणी निवडतोय, एकात एक मिसळतोय असं ऐकायचं असेल, तर पर्याय भरपूर दिसतात. प्रत्यक्षात कामाचे मोजकेच आहेत. मी इथे चार रेडिओ स्टेशनं घेतलीत आणि भारतात बसून ऐकणाऱ्याच्या सोयीनं तोललीत.

आधी एक खुलासा. रेडिओवर ‘लाइव्ह’ म्हणून जे येतं त्यात सरसकट तीन प्रकार असतात. डीजे स्टुडिओत उभा राहून वाजवतोय. क्लबमधला सेट, म्हणजे डीजेचं सलग वादन, थेट हवेवर येतोय. किंवा डीजेनं घरी बनवलेली फाइल स्टेशनला पाठवलीय आणि ती ठरल्या वेळी सोडली जातेय. या तिसऱ्या प्रकाराचं प्रमाण आता मोठं आहे. त्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही, पण तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवल्याशिवाय निवड करणं कठीण.

बीबीसी रेडिओ वनचा ‘इसेन्शियल मिक्स’ हा यातला सगळ्यात मानाचा कार्यक्रम. ऑक्टोबर १९९३ मध्ये डीजे पीट टाँगनं तो सुरू केला. दर आठवड्याला एक पाहुणा आणि त्याला दोन तास. ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डचा १९९४ चा ‘गोवा मिक्स’ याच कार्यक्रमातला. आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावरच्या ट्रान्सचं, म्हणजे तिथल्या वेगवान इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताचं, नाव ब्रिटनच्या घराघरात नेण्यात त्याचा वाटा आहे. पण यातले बहुतेक मिक्स आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात. डीजे त्यावर आठवडेच्या आठवडे घासतात, कारण हा मिक्स त्यांच्या नावावर कायमचा लागतो. अपवाद म्हणजे क्लबांतून आणि उत्सवांतून होणारी प्रसारणं. त्यासाठी रेडिओ वन १९९५ पासून स्पेनच्या इबिझा बेटावर जातंय. थोडक्यात, मांडणी अव्वल आणि धोका शून्य. चूक ऐकायला मिळणार नाही, आणि चूक सावरणंही नाही.

आपली अडचण वेगळीच आहे. जुलै २०२५ मध्ये बीबीसी साउंड्स हे बीबीसीचं ऑडिओ ॲप ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद झालं, त्यामुळे मागचे भाग सवडीनं ऐकायची सोय गेली. राहिलं ते मध्यरात्रीनंतरचं प्रसारण. लंडनला रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. त्या वेळेला ट्रान्स ऐकणारी माणसं आहेत, पण त्यांच्या घरचे काय म्हणतात ते विचारू नका. लंडन-लेस्टरकडच्या मराठी मंडळींना मात्र हा पर्याय आजही सगळ्यात सोपा.

आता रिन्स एफएम. माझं मत उघड सांगतो: ‘लाइव्ह’ हाच निकष असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, रिन्स लावा. १९९४ मध्ये पूर्व लंडनमध्ये हे विनापरवाना स्टेशन म्हणून सुरू झालं. उंच इमारतींच्या गच्चीवर अँटेना लावायचा, अधिकाऱ्यांनी तो काढून नेला की दुसरी गच्ची शोधायची. संस्थापकांपैकी डीजे स्लिमझी याला २००५ मध्ये टॉवर हॅम्लेट्स भागातल्या उंच इमारतींच्या गच्चीवर जायला बंदी घातली गेली. परवाना मिळाला तो २०१० मध्ये. ग्राइम आणि डबस्टेप हे लंडनचे इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकार ज्या हवेत वाढले ती याच स्टेशनची.

त्या काळाची सवय अजून शिल्लक आहे. डीजे वाजवतोय, शेजारी एमसी, म्हणजे संगीतावर बोलणारा-रॅप करणारा, माइकवर आहे, नवीन गाण्याचा बेस पडतो आणि स्टुडिओतले ओरडतात. डीजे गाणं तिथेच मागे ओढतो, सर्रकन उलटा आवाज येतो, आणि तेच गाणं पहिल्यापासून. याला रिवाइंड किंवा रीलोड म्हणतात. घरी बनवलेल्या फाइलमध्ये हे होऊ शकत नाही, कारण कुणीतरी समोर ओरडल्याशिवाय मागे ओढायचं कारणच नसतं. दुसरी खूण कान देऊन ऐकण्याची. दोन गाण्यांचे ठोके जुळवताना किंचित चुकले की एकाच्या जागी दोन ठोके लागोपाठ पडतात, घोड्याच्या टापांसारखे. मग एक गाणं क्षणभर रेंगाळतं किंवा पुढे सरकतं, आणि पुन्हा एकच ठोका. डीजेनं जॉग व्हील, म्हणजे यंत्रावरची फिरती चकती, बोटानं ढकललेलं असतं. ठोके आपोआप जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सिंक बटणानं ही चूक बहुतांशी संपवली. त्यामुळे जिथे ती अजून ऐकू येते तिथे मला जरा बरं वाटतं. रिन्सची खोट म्हणजे दर्जा तासागणिक बदलतो. आवडता डीजे गाठून त्याची वेळ लक्षात ठेवावी लागते, आणि एमसीची बडबड सोसत नसेल तर काही तास नकोसे होतील.

एनटीएसचा पिंड निराळा. २०११ मध्ये फेमी अडेयेमीनं लंडनच्या हॅकनी भागातल्या डॉल्स्टनमध्ये तो सुरू केला. दोन वाहिन्या, हवेवर जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या ऐच्छिक वर्गणीचा आधार. इथे नाचवणारा मिक्स हा अनेकांपैकी एक प्रकार. पुढच्या तासाला इथिओपियन जॅझ, त्यानंतर जपानी ॲम्बियंट (संथ, वातावरण उभं करणारं संगीत), असंही होतं. जगभरचे डीजे फाइली पाठवतात, म्हणजे लाइव्हच्या कसोटीवर हा पर्याय लंगडा. पण जुने कार्यक्रम गाण्यांच्या यादीसकट वेबसाइटवर सापडतात, आणि भारतातून ऐकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. ‘मगाशी वाजलं ते काय होतं?’ या प्रश्नाचं उत्तर बाकीच्या ठिकाणी शोधत बसावं लागतं.

लॉट रेडिओ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, ग्रीनपॉइंटच्या एका तिकोनी मोकळ्या जागेवर ठेवलेल्या मालवाहू कंटेनरमध्ये चालतो. सुरुवात २०१६. कॉफी-बिअरच्या विक्रीवर गाडा चालतो. सेटचा व्हिडिओ थेट दिसतो, त्यामुळे लाइव्ह आहे का ही शंकाच उरत नाही. डीजे पुढचं गाणं हेडफोनमध्ये तपासताना, फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर नेताना दिसतो. स्वतः शिकत असाल तर हा पर्याय सगळ्यांच्या वर ठेवा. वेळही सोयीची: तिथली दुपार म्हणजे आपली जेवणानंतरची रात्र.

न्यूयॉर्क-शिकागोचं व्यावसायिक एफएम मी यादीत घेतलं नाही. इतिहास त्यांचाच आहे, हे खरं. शिकागोच्या डब्ल्यूबीएमएक्स स्टेशनवर १९८१ पासून ‘हॉट मिक्स फाइव्ह’ हे पाच डीजे वाजवत होते आणि हाउस हे तिथलंच नाच-संगीत शहरभर झालं ते त्यांच्यामुळेही. पण अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यानं देशभरात एका कंपनीकडे किती स्टेशनं असावीत यावरची मर्यादा उठली, पुढे एकाच कंपनीकडे बाराशेवर स्टेशनं गेली, आणि गाणी मुख्यालयातून ठरू लागली. मिक्स शो उरले ते शुक्रवार-शनिवारच्या रात्रीपुरते. शिवाय त्यांतली बरीच स्टेशनं भारतातून उघडतच नाहीत. आपल्याकडच्या खासगी एफएमवर वीकेंडला ‘नॉनस्टॉप’ लागतं, ते बहुधा हिंदी गाण्यांचे तयार रीमिक्स. गाडी चालवताना ठीक.

तेव्हा निवड अशी करा. एकच पर्याय हवा आणि सवडीनं ऐकायचं असेल तर एनटीएस. थरार हवा तर रिन्स, तोही लंडनच्या संध्याकाळी. तिथले सहा म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. डीजेचे हात पाहायचे तर लॉट. इसेन्शियल मिक्सच्या मागे तेव्हाच लागा जेव्हा पाहुणा तुमच्या आवडीचा असेल. त्यासाठी पहाटेचा गजर लावायला हरकत नाही. एक लक्षात ठेवा: लंडनचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास सरकतं, न्यूयॉर्कचं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. फोनच्या कॅलेंडरमध्ये कार्यक्रम त्या-त्या शहराच्या वेळेनंच टाका.