वापरलेली ग्रँड बँक्स 42: धोका समुद्राचा कमी, पावसाचा जास्त

वर्षातले काही महिने नौकेवर राहायचं आणि उरलेले महिने तिला कुलूप लावायचं, असा बेत असेल तर जुन्या मोटर यॉटच्या बाजारात ग्रँड बँक्स 42 पाहावीच लागते. अमेरिकन मरीन कंपनीने हे मॉडेल 1960च्या दशकात काढलं. 1973 मध्ये कंपनी लाकडावरून फायबरग्लासकडे वळली. नव्या साच्यातही फळ्यांच्या रेषा कोरलेल्या असल्यामुळे लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, तेव्हा फोटोवर न जाता बांधणीचं वर्ष विचारा. लाकडी नौका कितीही देखणी असली तरी तिला कायम माणूस लागतो, अर्धवेळ मालकाने त्या वाटेला जाऊ नये. इथून पुढचं सगळं फायबरग्लासच्या नौकेबद्दल आहे.

लांबी साधारण 13 मीटर, रुंदी चार मीटरच्या थोडी वर. क्लासिक रचनेत मागे मालकाची केबिन, मधे बैठक आणि स्वयंपाकाचा ओटा, पुढे दोघांची झोपायची सोय. संडास दोन, एक पुढे आणि एक मागे. पाहुणे आले तरी दोन्हीकडे आडोसा राहतो. दोघंच राहणार असतील तर युरोपा रचना आम्हाला उजवी वाटते. तिला मागची केबिन नाही, पण बैठकीतून थेट छताखालच्या मोकळ्या डेकवर जाता येतं. क्लासिकमध्ये छोट्या होडीतून सामान वर चढवताना रोज कसरत होते, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

वेग 7 ते 8 नॉट, म्हणजे ताशी साधारण 13 ते 15 किलोमीटर. त्याहून जास्त हवा असेल तर ही नौका बघूच नका. थ्रॉटल पुढे ढकलला तर डिझेल जळतं, अंतर फारसं वाढत नाही. लाटा बाजूने आल्या की ती डुलते, तेही चांगलीच.

जुन्या नौकांत बहुधा फोर्ड लेहमन 120 या डिझेल इंजिनांची जोडी असते. सहा सिलिंडर, 6.2 लिटर, टर्बो नाही. इंजिन चाललेल्या तासांचा आकडा पाच हजार दिसला म्हणून दचकू नका. वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेलं कमी तासांचं इंजिन जास्त त्रास देतं. मालकाला एकच प्रश्न विचारा: इंजेक्शन पंपाचं (इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचं) ऑइल कधी बदललं? या इंजिनाच्या पंपाला स्वतःचं वेगळं ऑइल असतं आणि ते साधारण 50 तासांनी बदलायचं असतं. समोरचा गोंधळला तर बाकीची देखभालही तशीच समजा. चाचणीला गेल्यावर आधी इंजिनाच्या ब्लॉकला हात लावून पाहा. तो कोमट असेल तर इंजिन तुमच्यासाठी तापवून ठेवलंय. परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात विरला पाहिजे. निळा राहिला तर ऑइल जळतंय. पूर्ण थ्रॉटलला 2,500 आरपीएम गाठता आले नाहीत आणि धूर काळा झाला, तर तळावर शेवाळ-शिंपले साचलेत, प्रोपेलरचा पिच (पात्यांचा तिरकसपणा) जास्त आहे किंवा इंजेक्टर खराब आहेत. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइल कूलर आतून फुटून खारं पाणी शिरलेलं असतं. यातलं बरंचसं दुरुस्त होतं आणि सुटे भागही मिळतात.

खरा खर्च वरून येतो. सागवानी डेकच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात आणि प्रत्येक स्क्रूवर लाकडी गुडदी ठोकलेली असते. घासून घासून सागवान झिजतं, गुडदीला धरायला जाडी उरत नाही आणि ती निघून येते. मग स्क्रूच्या कडेने पावसाचं पाणी खाली उतरतं आणि फायबरग्लासच्या दोन थरांमधला लाकडी गाभा कुजवतं. प्लास्टिकच्या हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जा. घट्ट जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. तपासणी सकाळी लवकर करता आली तर उत्तम: रात्री डेक धुतलेला असेल तर भोवतालचं सागवान वाळल्यावरही काही गुडद्यांभोवती ओली कडी राहते, पाणी तिथूनच खाली जातं. सागवान काढून फायबरग्लासचा डेक केलेली नौका दिसायला साधी वाटते. आम्ही तीच आधी पाहू.

हेच पाणी डिझेलच्या टाक्याही खातं. जुन्या नौकांत त्या लोखंडी असतात, इंजिनांच्या दोन्ही बाजूंना. डेकवरच्या डिझेल भरायच्या तोंडाचं सील गेलं की थेंब थेंब पाणी टाकीच्या माथ्यावर साचतं आणि पत्रा वरून गंजतो. गळती दिसेपर्यंत काम हाताबाहेर गेलेलं असतं, कारण टाकी बाहेर काढायची तर इंजिन उचला किंवा टाकी कापा. म्हणून टॉर्च आणि आरसा घेऊन माथा बघा. नुसता पुढचा रंगवलेला भाग बघून समाधान मानू नका. टाक्या बदलल्याची पावती असेल तर नौकेची किंमत थोडी जास्त दिली तरी चालेल.

खिडक्यांच्या सागवानी चौकटींत खाली पाणी जायला भोकं असतात. ती तुंबली की पाणी आत, पॅनेलच्या मागे. कोपऱ्यातलं व्हार्निश काळवंडलंय का बघा आणि बोटाने दाबा.

नौका बंद असतानाच्या काळासाठी तीन गोष्टी. बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारे) दोन हवेत, त्यांचे फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप सुरू करणारे तरंगते स्विच, वेगवेगळ्या उंचीवर, आणि त्यांची वायर मुख्य स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला. नाहीतर जाताना स्विच बंद केला की पंपही बंद. किनाऱ्यावरची वीज जोडून ठेवणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (किनाऱ्याच्या वायरीतून नौकांमध्ये वाहणारा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण) लागतो, नाहीतर शेजारच्या नौकांच्या धातूंशी जोडले जाऊन तुमचे झिंक, म्हणजे स्वतः झिजून पाण्याखालचे इतर धातू वाचवणारे जस्ताचे तुकडे, लवकर झिजतात. झिंक अर्धे उरले की बदलायचे. आणि संडासाच्या नळ्या: गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीवर घासा आणि हुंगा. फडक्याला वास आला तर नळीतून दुर्गंधी झिरपू लागली आहे. केबिन कितीही धुतली तरी तो वास जात नाही, पूर्ण नळी बदलावी लागते. तो खर्च भाव ठरवतानाच कापून घ्या.