आधी रुबेन गोन्झालेस घ्या, ब्युएना व्हिस्टा नंतर

क्यूबाचं संगीत ऐकायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारलं की लोक डोळे झाकून 'ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब' ही रेकॉर्ड सांगतात. सल्ला वाईट नाही. पण माझ्याकडे दोन्ही रेकॉर्ड आहेत आणि शनिवारी दुकान वाढवून मित्रमंडळी जुळे सोलापूरला आमच्याकडे जमली की हात जातो तो क्यूबाचा पियानोवादक रुबेन गोन्झालेस याच्या 'इंट्रोड्युसिंग... रुबेन गोन्झालेस'कडेच.

दोन्हींचं घराणं एक. कंपनी वर्ल्ड सर्किट, जागा हवानातला एग्रेम या क्यूबाच्या सरकारी रेकॉर्ड कंपनीचा जुना स्टुडिओ, साल 1996. मार्चमध्ये ब्युएना व्हिस्टाचं काम उरकलं आणि एप्रिलमध्ये तिथेच, दोन दिवसांत, ही रेकॉर्ड झाली. मागून काही जोडलेलं नाही. सगळे एकत्र बसले, वाजवलं, उठले. रुबेन तेव्हा 76 वर्षांचा. 1940 च्या दशकात आर्सेनियो रॉद्रिगेससारख्या दिग्गजाबरोबर वाजवलेला, पुढे कितीतरी वर्षं एन्रिके होर्रिनच्या वाद्यवृंदात काढलेला, मग निवृत्त. बोटांत संधिवात आणि घरात पियानोसुद्धा नाही! अशा माणसाची 'ओळख करून देणारी' रेकॉर्ड. नाव ठेवणाऱ्याला मानलं.

ब्युएना व्हिस्टात गाणारे आहेत, त्यामुळे लक्ष आवाजांकडे जातं आणि शब्द तर आपल्याला कळत नाहीत. इथे ती अडचण नाही. पियानोच बोलतो. आमच्यात भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका आहेत. जॅझ म्हटलं की ते चहाचं निमित्त काढून आत जातात. पहिलंच 'ला एंगान्यादोरा' लागलं, होर्रिनचं, चा-चा-चा या नाचाच्या संगीतप्रकाराची सुरुवात ज्याने झाली ते, आणि काका जागचे हलले नाहीत. रुबेनचा डावा हात एकच घाट पुन्हापुन्हा फिरवत राहतो, उजवा वर मनाला येईल तिथे हुंदडतो, मध्येच दोन्ही हात एका सुरावर येऊन भेटतात. काका म्हणाले, "आमचा डावा हात जन्मभर भात्यात अडकलेला. या माणसाचे दोन्ही मोकळे आहेत रे."

खरी गंमत तबलेवाल्या मित्राने केली. क्यूबाच्या या सगळ्या संगीताच्या तळाशी क्लावे असते. दोन लाकडी दांडक्यांचे पाच ठोके, आधी तीन मग दोन, किंवा उलट. दांडकी दरवेळी ऐकू येतीलच असं नाही, पण वाजवणारे सगळे तिच्या हिशोबाने चालतात. मित्राला एवढं सांगितलं, तर तो मांडीवर मोजत बसला आणि थोड्या वेळाने ओरडला, "अबे, हे तर तीनतालाच्या घरात बसतंय की!" सोळा मात्रा धरा. ठोके पडतात 1, 4, 7, 11 आणि 13 वर. समेवर ठोका आहे, तेराव्या मात्रेच्या टाळीवर आहे आणि नवव्या मात्रेला, जिथे आपली खाली, तिथे क्लावेही गप्प. पाचव्या मात्रेची टाळी मात्र हुकते, आणि आपलं डोकं नेमकं तिथेच गडबडतं. एकदा हे हाताला कळलं की रेकॉर्ड निराळीच ऐकू येते. करून बघा, पण आधी संथ चालीवर. 'कुंबांचेरो'वर करायला गेलात तर फजिती होईल, ते सुसाट पळतं.

बासवर काचाइतो लोपेस आहे. मांबो या क्यूबाच्या नाचाच्या संगीताचा पाया घालणाऱ्या दोन लोपेस भावांपैकी ओरेस्तेसचा मुलगा आणि काचाओचा पुतण्या. त्याचा बास ऐकायला फोनचा स्पीकर चालणार नाही, निदान बरे हेडफोन लावा. रुबेनची स्वतःची रचना 'मेलोदिया देल रिओ' रात्री उशिरा ऐकायची. लेकुओनाचं 'सिबोने' जगात हजारदा वाजलं असेल, पण हा म्हातारा ते लाडात न येता वाजवतो. 'मांदिंगा' मला लांबल्यासारखं वाटतं. तबलेवाला याला साफ नाही म्हणतो.

आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले साहेब कट्टर जॅझवाले. "यात जॅझ कुठंय?" म्हणून बसले. त्यांना जॅझमधला ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी याचं 'मान्तेका' ऐकवलं, डिसेंबर 1947 चं, ज्यात हवानाचा चानो पोसो कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल, वाजवतो. न्यूयॉर्कच्या जॅझमध्ये क्यूबाची लय कशी शिरली ते त्यात धडधडीत ऐकू येतं. मग परत रुबेन. साहेब अर्धेच पटले. त्यांच्या मते म्हातारा मोकळा सुटतो तेव्हा उत्तम, पण सुटतो फार थोडा वेळ. यात तथ्य आहे. तासन् तास चालणारा सोलो हवा असेल तर ही रेकॉर्ड तुमची नव्हे.

आता खरेदीचं. एलपी बाहेरून येते, मला साडेतीन हजारांच्या आसपास पडली. आणि कृपा करून सोलापुरात मे महिन्यात मागवू नका. माझी पहिली प्रत दुपारभर कुरियरच्या गाडीत भाजून आली, फिरवली तर कडा लाटेसारखी वरखाली. विकणाऱ्याने आधी "प्लेअर तपासा" म्हणून टोलवलं, फोटो आणि व्हिडिओ पाठवल्यावर नाइलाजाने बदलून दिली. बदललेली प्रत स्वच्छ आहे, खरखर नाही, पियानोचे खालचे सूर भरीव येतात. पैसे जपायचे असतील तर सीडी घ्या, ध्वनिमुद्रण मुळातच इतकं चांगलं आहे की फारसं काही हुकत नाही. ज्यांच्याकडे प्लेअरच नाही त्यांनी ऑनलाइन ऐकावं, फक्त ओळीने ऐका, शफल बंद ठेवून.

रुबेनची पुढची रेकॉर्ड 'चांचुयो' 2000 साली आली. पाहुणे कलाकार वाढले, गर्दी झाली, पियानोला जागा कमी. ती घाईने घेऊ नका. ही पचली की मग खुशाल ब्युएना व्हिस्टा लावा. गाणाऱ्यांच्या मागे पियानो कोण वाजवतोय, ते तेव्हा सांगावं लागणार नाही.