कोर्सचं फोल्डर थेट कॉम्प्युटरला जोडलं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

तीन कोर्सची ऑनलाइन फोल्डर्स मी गेले आठ महिने वेबडॅव्हने (वेबवरचं फोल्डर आपल्या डिस्कसारखं वापरू देणारी सोय) माझ्या कॉम्प्युटरला जोडून वापरते आहे. दोन सत्रं झाली, म्हणून आता मनापासून लिहिते. ही सोय अनेक शिक्षकांच्या हाताशी असते, पण कोणी सांगत नाही म्हणून ती तशीच पडून राहते.

आधी मी सगळं ब्राउझरमधून करायचे. फाइल निवडा, चढवा, नाव तपासा, जतन करा, मागे या, पुढची फाइल. दर आठवड्याला नोट्स, स्लाइड्स, सरावसंच आणि सत्र चौदा आठवड्यांचं. एखाद्या स्लाइडवर चुकीचं सूत्र सापडलं की ती उतरवून घ्या, सुधारा, जुनी काढा, नवी चढवा. एवढं करूनही काही वेळा जुनीच फाइल विद्यार्थ्यांसमोर राहायची.

वेबडॅव्ह म्हणजे वेगळं काही नाही. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नावाच्या ठरलेल्या नियमांनी बोलतात, त्यांनाच फाइल लिहिणं, हलवणं, फोल्डर बनवणं, फाइलला कुलूप लावणं अशा क्रियांची जोड दिलेली आहे. त्याचं पहिलं मानक १९९९ मध्ये आलं, सुधारित २००७ मध्ये. सगळी वाहतूक नेहमीच्या सुरक्षित वेबच्याच वाटेने होते, त्यामुळे जिथे एफटीपी (फाइल्स पाठवण्याची जुनी पद्धत) अडवलेलं असतं तिथेही हे बहुतेक वेळा चालतं. सकाई, ब्लॅकबोर्ड यांसारख्या कोर्सप्रणालींमध्ये ही सोय आहे. मात्र ती चालू ठेवायची की नाही हे संस्था ठरवते, म्हणून पहिला प्रश्न तांत्रिक मदत विभागाला विचारा.

जोडणी स्वतःहून जमते. कोर्सच्या फाइल्सच्या पानावर त्या फोल्डरचा वेबडॅव्ह पत्ता मिळतो, तो जसाच्या तसा कॉपी करायचा. विंडोजमध्ये 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'मध्ये तो चिकटवायचा. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबलं की 'कनेक्ट टू सर्व्हर'ची चौकट उघडते. लिनक्सच्या बऱ्याच फाइल मॅनेजरमध्ये पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएसऐवजी (https) डीएव्हीएस (davs) लिहिलं की काम होतं. विंडोजवर पत्ता एचटीटीपीएसचाच हवा, कारण साध्या, असुरक्षित एचटीटीपीवर विंडोज मूळ सेटिंगमध्ये पासवर्ड पाठवतच नाही, आणि ते योग्यच आहे.

माझे पहिले दोन दिवस पासवर्डपाशीच गेले. ब्राउझरमध्ये मी संस्थेच्या एकत्रित लॉगिनने आत जाते आणि फोनवर आलेला कोड टाकते. ड्राइव्ह जोडताना ते लॉगिनचं पान उघडतच नाही, फक्त नाव आणि पासवर्डची छोटी चौकट येते, आणि नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. शेवटी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन या कामापुरता वेगळा पासवर्ड बनवला आणि क्षणात जोडणी झाली. तुमचं इथेच अडलं असेल तर पत्ता दहा वेळा तपासत बसू नका, आधी हे बघा.

विंडोजबद्दल आणखी थोडं. हे सगळं तिथे 'वेबक्लायंट' नावाच्या सेवेवर चालतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सेवा कालबाह्य ठरवली आणि नव्या विंडोजमध्ये ती आपोआप सुरू होत नाही, 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन चालू करावी लागते. मूळ सेटिंगमध्ये फाइलच्या आकाराला ५,००,००,००० बाइट्सची मर्यादा आहे, म्हणजे ४८ एमबीच्याही आतच. ती सुरक्षेसाठी घातलेली आहे आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींमध्ये) बदल करून ४ जीबीपर्यंत वाढवता येते. नोट्स आणि स्लाइड्सना ती कधी आड आली नाही, तासाचं ध्वनिमुद्रण मात्र अडलं. मी रजिस्ट्रीला हात लावला नाही. सायबरडक हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं आणि मोठ्या फाइल्स त्यातून पाठवू लागले. विनएससीपी या तशाच सॉफ्टवेअरमध्येही वेबडॅव्ह चालतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. ड्राइव्ह जोडला की कोर्सचं फोल्डर अगदी आपल्या डिस्कसारखं दिसतं. तेच चिन्ह, तीच खिडकी. हात सवयीने चालतात आणि ते फोल्डर विद्यार्थ्यांसमोर उघडं आहे हे विसरायला होतं.

दुसऱ्या महिन्यात मी एका चाचणीचा सरावसंच तयार करत होते. प्रश्न आणि उत्तरसूची अशा दोन फाइल्स एकाच फोल्डरमध्ये उघड्या होत्या. उत्तरं तपासली, दोन्ही जतन केल्या आणि उठले. थोड्या वेळाने एका विद्यार्थिनीची मेल आली: "मॅडम, उत्तरंही दिसतायत. ती आत्ताच वाचायची आहेत का?" मी ड्राइव्हवरच काम करत होते, त्यामुळे प्रत्येक वेळी जतन करणं म्हणजे प्रकाशित करणंच होतं. ब्राउझरमधून फाइल चढवताना 'लपवा' किंवा 'या तारखेपासून दाखवा' असे पर्याय समोर येतात. ड्राइव्हवरून टाकलेल्या फाइलला असं काही विचारलं जात नाही, फोल्डरची जी दृश्यता असेल तीच तिला लागते. त्या रात्री मी सगळे प्रश्न बदलले. तिने प्रामाणिकपणे विचारलं, त्याबद्दल दुसऱ्या दिवशी वर्गात तिचे आभार मानले.

तेव्हापासून प्रत्येक कोर्समध्ये 'तयारी' नावाचं एक फोल्डर असतं. ते ब्राउझरमध्ये बनवून तिथेच लपवून ठेवते. ड्राइव्हवरून जे काही जाईल ते आधी तिथे. मग ब्राउझरमध्ये बघून, तारीख लावून, आठवड्याच्या फोल्डरमध्ये हलवते. एक पायरी वाढते, पण मला ती हवी आहे.

काढून टाकण्याचंही तेच. आपल्या डिस्कवरची फाइल काढली तर ती रिसायकल बिनमध्ये जाते. जोडलेल्या ड्राइव्हवरची काढली तर बिनमध्ये काहीच येत नाही, फाइल थेट सर्व्हरवरून जाते आणि सगळ्या वर्गासाठी जाते. मी एकदा पाचव्या आठवड्याचं आख्खं फोल्डर असं घालवलं. मूळ प्रत माझ्याकडे होती म्हणून निभावलं. त्यामुळे मूळ प्रत कायम स्वतःच्या डिस्कवर, कोर्सवर फक्त तिची नक्कल. वर्डची फाइल थेट ड्राइव्हवर उघडून तासभर लिहीत बसणंही मी सोडलं. मध्येच नेट गेलं तर सर्व्हरवरचं कुलूप काही काळ तसंच राहतं आणि फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे असा संदेश येतो. खरंतर ते कुलूप आपल्याच आधीच्या जोडणीचं असतं.

मराठी नावांचा अनुभव वेगळाच. वेबपत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या चिन्हाने (%) लिहिलेल्या संकेतात बदलतं आणि एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'प्रकरण' या एवढ्याशा शब्दाची चोपन्न. फोल्डरात फोल्डर आणि लांबलचक नावं असली की पत्ता भलताच वाढतो, म्हणून नावं आखूडच ठेवते. पण सगळ्यात जास्त वेळ घेतला तो 'ऱ'ने. 'दुसऱ्या आठवड्याच्या नोट्स' ही फाइल मी घरच्या कॉम्प्युटरवरून पाठवली, सुधारणा दुसऱ्या कॉम्प्युटरवर नाव नव्याने टाइप करून. जुनीवर नवी बसायला हवी होती. फोल्डरमध्ये दोन फाइल्स उभ्या, नाव तंतोतंत एकच. कितीतरी वेळ मी दोन्हींकडे बघत होते. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या संकेतांनी साठवतो त्यात, 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो: एक सबंध अक्षर म्हणून किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी नावं. आता मी नाव पुन्हा टाइप करत नाही, जुन्या फाइलचंच कॉपी करते. 'दुसऱ्या'च्या जागी '०२' लिहिलं तर प्रश्नच मिटतो.

बारीकसारीक गोष्टी. विंडोज त्या ड्राइव्हवर जी मोकळी जागा दाखवतं ती बहुधा तुमच्या सी ड्राइव्हची असते, कोर्सची खरी जागा ब्राउझरमध्येच बघा. मॅकवरून जोडलं तर टिंबाने सुरू होणाऱ्या छोट्या फाइल्स फोल्डरमध्ये राहू शकतात. त्या अधूनमधून साफ करा, नाहीतर विद्यार्थी त्या उघडायला बघतात.

मग वेबडॅव्ह ठेवलं कशासाठी? दुरुस्तीसाठी. त्याच नावाने फाइल पाठवली की आठवड्याच्या पानावरची लिंक तशीच राहते आणि विद्यार्थ्याला सुधारलेली प्रत मिळते. नाव बदललं तर लिंक तुटते, तेवढं सांभाळायचं. स्लाइडवरची चूक सापडल्यापासून ती वर्गापर्यंत दुरुस्त होऊन पोचायला आता मला एखादं मिनिट लागतं. पूर्वी अशा लहान चुका मी पुढच्या आठवड्यावर ढकलायचे आणि तोवर मुलं त्याच चुकीच्या सूत्रावरून अभ्यास करायची. एवढ्या एका गोष्टीसाठी मी वरची सगळी खबरदारी आनंदाने घेते.

सत्र संपल्यावर तिन्ही कोर्सचं साहित्य एकेका ओढीत स्वतःच्या डिस्कवर उतरवलं. तारखा मात्र फाइल बनवल्याच्या नव्हत्या, सर्व्हरवर पोचल्याच्या होत्या, म्हणून कुठली आवृत्ती शेवटची हे तारखेवरून ठरवलं नाही, एकेक उघडून पाहिलं. पुढच्या सत्राच्या कोर्सचा पत्ता परवा आला. जोडणी केली आहे, 'तयारी' फोल्डर बनवून लपवलं आहे, आणि पहिल्या आठवड्याच्या नोट्स त्यात जाऊन बसल्या आहेत.