चौदा हजारांतली गिटार: नवी लॅमिनेट की बारा वर्षं वाजलेली सॉलिड टॉप?

नागपूरच्या भाच्याला गिटार घ्यायची आहे. बजेट चौदा हजार, फार ताणलं तर पंधरा. दोन पर्याय त्याने स्वतःच शोधलेत. एक तिथल्या दुकानातली नवीकोरी लॅमिनेट. दुसरी इथे ठाण्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका काकांची, बारा वर्षं वाजलेली सॉलिड टॉप. फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, "मामा, जुनी फारच ओरखडलीय रे. नको ना?"

गिटार जुनी होताना तिला जे जे होतं, त्यात ओरखडे हे सगळ्यात बिनमहत्त्वाचं. खर्चात पाडणारी झीज फोटोत दिसत नाही.

आधी लाकडाचं बघू. गिटारची पुढची फळी, सतारवाले जिला तबली म्हणतात ती, म्हणजे टॉप. सॉलिड टॉपमध्ये ती खऱ्या लाकडाची, बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची, जेमतेम तीन मिलिमीटर जाड. लॅमिनेटमध्ये पातळ थर उभे-आडवे चिकटवलेले असतात. प्लायवूडच ते, फक्त दुकानदार तसं म्हणत नाही. यामाहाच्या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या दोन मॉडेलांपैकी एफ ३१० लॅमिनेट आहे आणि एफजी ८०० सॉलिड टॉप. ओळखायचं कसं? मधल्या भोकाच्या कडेला मोबाइलचा टॉर्च धरा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर सॉलिड, थर दिसले तर लॅमिनेट. रंगावर जाऊ नका, कारण लॅमिनेटचा वरचा थरही बहुधा स्प्रूसचाच असतो आणि तोही पिवळा पडतो.

माझ्याकडे दोन्ही जातींची एकेक आहे. सॉलिडवाल्या गिटारच्या पिकगार्डचा (टॉपला ओरखड्यांपासून वाचवणाऱ्या पातळ पट्टीचा) गोंद दोन वर्षांपूर्वी सुकला आणि कोपरा उचलला गेला, म्हणून मी तो अख्खा काढला. खाली स्प्रूस फोडलेल्या नारळासारखं पांढरं आणि भोवताली मधाच्या रंगाचं. इतका रंग बदललाय हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. लॅमिनेटवर मॅट फिनिश होतं. उजवा हात जिथे टेकतो तिथे आता तळहाताएवढा चकचकीत डाग आहे, कुणी पॉलिश केल्यासारखा. आवाजाला याने काडीचा फरक पडत नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या. लाकडातलं हेमिसेल्युलोज वर्षानुवर्षं विघटित होत जातं, लाकूड किंचित हलकं होतं आणि हवेतला ओलावा कमी शोषतं. काही कंपन्या हेच लवकर घडवून आणायला टॉप कमी ऑक्सिजनच्या भट्टीत भाजतात. भरपूर वाजवल्याने आवाज "उघडतो" यावर वादकांचं जितकं एकमत आहे तितकं प्रयोगांचं नाही. माझा अंदाज असा, की निम्मा फरक लाकडाचा असेल, उरलेला आपल्या सुधारलेल्या हाताचा. पण काकांची गिटार आणि नवी लॅमिनेट लागोपाठ ऐकली तर जुनी जिंकणार, हे न ऐकताही सांगतो. लॅमिनेट आज वाजते तशीच दहा वर्षांनीही वाजते. काहींना ही तक्रार वाटते. मला सोय वाटते.

फ्रेट, म्हणजे सतारीच्या पडद्यांसारख्या मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्या, दोन्हीकडे सारखेच झिजतात. ज्या धातूचे असतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात, त्यात चांदी औषधालाही नाही; तांबं, निकेल आणि जस्त. शिकाऊ माणूस दिवसरात्र सी, जी, डी, ए मायनर हेच कॉर्ड धरतो, त्यामुळे पहिल्या तीन फ्रेटवर पातळ तारांखाली खाचा पडतात. मग तार झणझणायला लागते. तंबोऱ्यावर हाच झणत्कार जवारी म्हणून मुद्दाम लावून घेतात, गिटारवर तो दोष. मिरजेत जवारी पुन्हा लावून घेणं कुणाला खर्च वाटत नाही, ते वाद्य सांभाळण्यातच धरलेलं असतं. फ्रेट घासून सारखे करणं हे तसंच काम आहे. एकदोनदा ते चालतं, मग फ्रेट बदलावे लागतात. जुनी घेताना हा खर्च किमतीतून कापून मागायला लाजू नका.

खरं दुखणं मानेचं, म्हणजे नेकचं. स्टीलच्या सहा तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास असतो, म्हणजे घरातलं एक मोठं माणूस कायम मानेला लटकलेलं. वर्षांमागून वर्षं या ओढीने नेकचा कोन बदलतो, ब्रिजमागे (तारा टॉपवर जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीमागे) टॉप फुगतो आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. याला अ‍ॅक्शन वाढणं म्हणतात. आधी लोक सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती बारीक पट्टी, घासून तारा खाली आणतात. एक दिवस घासायला सॅडलच उरत नाही. "ट्रस रॉड फिरवला की होतं" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. नेकच्या आतला तो धातूचा रॉड नेकचा बाक दुरुस्त करतो, कोन नाही. कोनासाठी नेक सोडवून पुन्हा बसवावा लागतो, आणि या किमतीच्या गिटारवर ते काम गिटारपेक्षा महाग पडू शकतं. चांगल्या सॉलिड टॉपवर तरी कुणी तो विचार करतो, स्वस्त लॅमिनेट सरळ माळ्यावर जाते.

म्हणून शनिवारी काकांकडे जाताना स्टीलची लांब पट्टी आणि वहीचा एक कागद घेऊन गेलो. पट्टी नेकच्या मधोमध फ्रेटवर ठेवून पुढे सरकवली. टोक ब्रिजच्या वरच्या कडेला टेकलं, म्हणजे कोन शाबूत. कडेच्या खाली अडकलं असतं तर तिथूनच नमस्कार केला असता. बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास, सॅडलही पुरेसा वर. कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सारून पाहिला. कागद शिरला की ब्रिज सुटायला लागला असं समजायचं. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारींचं हे बऱ्याचदा होतं, गोंद मऊ पडतो. इथे कागद शिरला नाही. पहिल्या दोन फ्रेटवर खाचा होत्या. काका म्हणाले, "अहो, तारा कालच नव्या टाकल्यात." मी मान डोलावली. नव्या तारा टाकून जुने फ्रेट झाकले जात नाहीत.

म्हणजे जुनीच घ्यावी? ठाण्यात राहणाऱ्याला मी तसंच सांगितलं असतं. ही गिटार बारा पावसाळे इथल्या ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रतेत काढून बसली आहे. गिटारला मानवते पंचेचाळीस ते पंचावन्न. पावसाळ्यात सॉलिड टॉप रेषांना आडवा फुगतो, अ‍ॅक्शन वाढते, दिवाळीनंतर उतरते. ते तिला सवयीचं झालंय. आता हीच नागपूरच्या एप्रिलमध्ये नेली तर लाकूड उलट आक्रसणार. आधी फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकवरची फळी, आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि बोटाला टोचतात. तोवर सावध झालात तर ठीक, नाहीतर पुढची पायरी म्हणजे टॉपला रेषेच्या दिशेने तडा. गंमत म्हणजे नागपूरचा घरोघरचा कूलर गिटारच्या पथ्यावर पडतो, हवा ओली ठेवतो. एसी मात्र वैरी. लॅमिनेटचे आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे तिचा टॉप या सगळ्याला सहसा दाद देत नाही. फ्रेटची टोकं तिचीही टोचू शकतात, पण तडा जवळपास नाहीच.

भाच्याला फोनवर एवढंच विचारलं, की गिटार ठेवणार कुठे? केस बंद करून, आत ओलाव्याची डबी ठेवून, उन्हाळ्यात आठवड्याला ती भरणार असशील तर जुनी घे. फ्रेटचे पैसे कापून बारा हजारांत मिळेल आणि नव्या लॅमिनेटपेक्षा कितीतरी चांगली वाजेल. नव्या गिटारची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते, हिची उतरायची ती उतरून झालीय.

"केस कशाला? भिंतीवर टांगणार. हुक आणलाय. एसीच्या खाली मस्त जागा आहे."

नवी लॅमिनेट, असं सांगून मी फोन ठेवला. काकांना कळवलंय की उद्या संध्याकाळी येतो, बारा हजार घेऊन.