टाकीच रिकामी तर फिल्टर कशाला? (दोन वर्षं वापरलेल्या व्हीपीएनचा रिव्ह्यू)

व्हीपीएन म्हणजे आपलं नेट एका खासगी बोगद्यातून दुसरीकडच्या सर्व्हरपर्यंत नेणारं ॲप. कंपनीचं नाव सांगत नाही, यूट्यूबवर दर दुसरा माणूस ज्यांची जाहिरात करतो त्यातलंच एक समजा. २०२३ च्या मेमध्ये दोन वर्षांचा प्लॅन घेतला, साडेचार हजार गेले, आता रिन्यूअलचे मेल यायला लागलेत म्हणून लिहितोय.

घ्यायचं कारण व्हीएलसी. साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे, विंडोज टाकली की व्हीएलसी टाकायचं हा ठरलेला नेम, आणि २०२२ मध्ये त्यांची साईटच आपल्याकडे उघडेना. साधा व्हिडिओ प्लेयर हो! नोव्हेंबरात एकदाची उघडली, पण परत अशी वेळ आली तर हाताशी असावं म्हणून हे घेतलं. आयटी कायद्याच्या ६९अ कलमाखाली साईट बंद केली की तो सगळा कारभार गुप्त ठेवायचा असा नियमच आहे, मग गिऱ्हाईकाला काय सांगणार, मी आपला 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणायचो.

तर ह्या कामाला ॲप झकास. एक बटण दाबलं की ब्लॉक साईट उघडते, कारण आपल्या नेटवाल्याला फक्त व्हीपीएनचा सर्व्हर दिसतो, पुढं आपण कुठं गेलो ते दिसत नाही. स्पीड थोडा पडतो, चालतंय.

पण लिस्टमध्ये 'इंडिया' असं तिरंगा लावून लिहिलंय ना, ते मशीन सिंगापूरला आहे! एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा बघणारी संस्था) आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी गिऱ्हाईकाचं नाव, पत्ता, आयपी (नेटवरचा ओळख नंबर) पाच वर्षं जपून ठेवायचं, त्यावर मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलले आणि बाहेरून भारताचा आयपी द्यायला लागले. बँकेच्या ॲपला मात्र ते काही पटत नाही, दर वेळी ओटीपी, एकदा तर खातंच लॉक.

आता खरी गंमत. सप्टेंबर २०२३, गणपती आठवड्यावर आलेले, आक्षेपार्ह पोस्टवरून पुसेसावळीला दंगल झाली आणि जिल्ह्यात नेट बंद. मी गल्ल्यावर बसून ऐटीत व्हीपीएन चालू केलं. गोल गोल फिरतंय. अहो नेटच नाही तर बोगदा खणणार कुठं! एवढं मला, रिपेरिंगवाल्याला, आधी सुचू नये ह्याची अजून लाज वाटते. युपीआय बंद, गिऱ्हाईकाकडं सुट्टे नाहीत, उधारीची वही परत काढली. कराडचा मित्र तर मेल पाठवायला गाडी काढून कासेगावला, सांगलीच्या हद्दीत गेला. त्या दंगलीत माणूस गेला, अफवा थांबवायला पाहिजेत हे मान्यच, पण अफवा काय, साध्या फोनवरून पण फिरत होत्याच की, आणि खरं काय झालं ते बघायचा रस्ता तेवढा बंद. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन केसमध्ये सांगितलंय की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर करायचा. तो आदेश ऑनलाईन टाकला तर नेटबंदीत वाचायचा कशावर, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

नेट आल्यावर कंपनीच्या चॅटवर तक्रार टाकली. उत्तर आलं, 'आधी तुमचं इंटरनेट सुरू आहे का तपासा.'

पाचपैकी अडीच. ब्लॉक साईटसाठी घ्या, नेटबंदीसाठी घेऊ नका. आणि ऑटो रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करा, माझे परत पैसे कापले जाता जाता राहिले.