आमच्या गावचं हंगामी वसतिगृह : दोन वर्षांचा अनुभव

आम्ही बीड जिल्ह्यातले. भाऊ-भावजय दरवर्षी दिवाळी झाली की टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. गेले दोन हंगाम त्यांची दोन्ही पोरं माझ्याकडं आहेत. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, म्हणूनच हे जमलं.

नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडं पोरं झोपायला घरीच असतात. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, दुपारची खिचडी नेहमीची. मी शिलाई मशीनवर घर चालवते. दोन पोरांचं तीन वेळचं खाणं माझ्या एकटीच्यानं झालं नसतं. डाळ कधी पातळ असते, पण भाकरी गरम मिळते आणि पोरं पोटभर जेवतात.

खरा फरक अभ्यासात दिसला. भाचा त्याआधी आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायचा. दुसरं सत्र अख्खं कोपीत म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करण्यात आणि बहिणीला सांभाळण्यात जायचं. दुसरीच्या शेवटी परत आला तेव्हा पुस्तकातल्या ओळीवर बोट फिरवत होता आणि चित्र बघून गोष्ट सांगत होता. मला आधी वाटलं, वाचतोय. पान बदललं तरी बोट तिथंच होतं.

इथले गुरुजी कोण कितवीत आहे हे बघत बसत नाहीत. ज्याला जोडाक्षर अडतं, त्याला जोडाक्षरापासून धरतात. संध्याकाळच्या जेवणाआधी तासभर रोज वाचन आणि गणित. पट साठाच्या आत, म्हणून चार वर्गांना गुरुजी दोनच. तरी हा तास चुकत नाही, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

तक्रार एकच, पण मोठी. टोळ्या निघतात तेव्हा वसतिगृह सुरू झालेलं नसतं. मंजुरी उशिरा येते. मधल्या पंधरा-वीस दिवसांत पोरांना कोण जेवू घालणार, म्हणून आईबाप त्यांना ट्रकमध्ये घालून नेतात. यंदा चौथीतली एक हुशार मुलगी अशीच गेली, धाकट्या भावाला सांभाळायला. नंतर वसतिगृह सुरू झालं, पण तिला परत आणायला कोण जाणार? मंजुरी दिवाळीच्या आधी हातात पडलीच पाहिजे.

ज्यांची आजी किंवा आत्या गावात आहे त्यांनी पोरं मागं ठेवावीत, ऑक्टोबरातच शाळेत नाव द्यावं.

या पाडव्याला भाऊ आला, तेव्हा भाच्यानं टोळी नेणाऱ्या मुकादमाचा हिशेब मागून घेतला. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे, १,२०,०००, काम झालं ८७,३५० चं. पाटीवर हातच्याची वजाबाकी मांडली, शून्यांपाशी अडला, पुसून पुन्हा केली. बाकी ३२,६५०. भावानं मोबाईलवर ताळा केला, बरोबर आला. मग भाऊ बराच वेळ पाटी मांडीवर घेऊन बसला होता.